पळता येईल असे कपडे

नांदेडला आम्ही राहतो त्या इमारतीसमोर मुलींचे एक वसतिगृह आहे. प्रत्येक मजल्याला लोखंडी गजांची गॅलरी आणि गॅलरीभर बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. मुदखेड, धर्माबाद, नायगावकडून क्लासेससाठी आलेल्या मुली तिथे राहतात. त्यांचे धुणे वाळत असते तेव्हा मी सहसा त्या बाजूची खिडकी लावून घेते. दोऱ्यांवर ओळीने ट्रॅक पँटी टांगलेल्या असतात, काळ्या, गडद निळ्या, बाजूने पांढरी पट्टी गेलेल्या. नदीकडून वारा सुटला की त्यांचे रिकामे पाय हलू लागतात. आधी एखाददुसरा, मग सगळ्या दोऱ्या एकदम. आत कोणीच नसलेले इतके पाय एकाच दिशेने पळताना दिसले की माझ्या तळहाताला घाम सुटतो.

परवा शेजारच्या बाई त्या दोऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "काय फॅशन निघालीय बघा! झोपायचं त्याच्यावर, क्लासला जायचं त्याच्यावर, बाजारात पण त्याच्यावरच. खेळणाऱ्या पोरींनी घातलं तर समजू शकते मी."

मी नुसती हसले. कपड्याला दोन पाय फुटतात ते बहुधा कुणाला तरी पळावे लागले म्हणून, असे काहीतरी ओठांवर आले होते. पण ते सांगायचे तर लातूरची आमची गल्ली सांगावी लागली असती, आणि बंद दाराच्या कडीवर हात ठेवून उभी असलेली माझी आई.

भूकंप झाला त्या वर्षी मी आठवीत होते आणि शाळेच्या खो-खो संघात होते. आमच्या खेळाच्या बाई बाहेरगावच्या होत्या. पांढरा सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, आणि ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली. गल्लीतल्या बायका त्यांना पाठीमागे 'शिपाईणबाई' म्हणत. बाईंच्या आधी शाळेतल्या मुली परकर गुडघ्यापर्यंत खोचून खेळत. मग गणवेशाचा स्कर्ट आला. पण खो-खोत पाटीवर बसताना एक टाच उचललेली असते, बोटांची टोके मातीला टेकलेली असतात, आणि पाठीवर थाप पडताच त्या अवघडलेल्या बैठकीतून सरळ धाव घ्यायची असते. स्कर्टचा घेर नेमका त्याच क्षणी टाचेखाली येई. मुली तोंडावर पडत. म्हणून बाईंनी मधून शिवलेला, दोन पायांचा, पण उभे राहिल्यावर स्कर्टसारखाच दिसणारा कपडा काढला. मापे घेतली, गडद निळ्या जाड कापडाचा तागा आणला आणि तो आमच्या घरी आणून ठेवला, कारण गल्लीत शिवणयंत्र होते ते माझ्या आईकडे.

त्या कापडाचा वास मला अजून येतो. नव्या खळीचा, किंचित आंबट, इस्त्री फिरली की भाजलेल्या पिठासारखा. आई ते कापताना पुटपुटे, "पोरीच्या कपड्याला आसन कशाला लागतं म्हन्ते मी!" पण आसन, म्हणजे दोन पाय जोडणारा मधला भाग, ती असा बेतायची की मुलगी खाली बसली तरी शिवणीवर ताण येत नसे.

ती स्वतः गोल साडी नेसायची. तिच्या माहेरी सगळ्या बायका काष्ट्याचे लुगडे नेसत, शेतात वाकत, विहिरीत उतरत, बैलामागे धावत. लग्न होऊन ती शहरात आली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला पाच वारी साडी घेतली होती. अण्णा आडत दुकानात कामाला होते आणि दुकानाच्या मालकीणबाई गोल साडी नेसत. आईने लुगडे सोडले ते परत हातात धरले नाही. आज विचार करते तेव्हा जाणवते की आमच्या भागात गोल साडी ही आधी एक घोषणा होती. ही बाई आता शेतात जात नाही, हिला पळण्याची गरज उरलेली नाही, असे ती साडी सांगत असे.

गणपती बोळवल्यानंतरची ती पहाट. माझ्या केसांत गुलाल होता आणि उशीला त्याचा कोरडा, गोडसर वास लागला होता. आधी आवाज आला. जमिनीखालून एखादी मालगाडी जावी तसा, आणि तो कानांनी नव्हे तर दातांनी ऐकू आला. मी जागी झाले तेव्हा गल्लीत उभी होते. मधले काही आठवत नाही. बाईंनी शरीराला लावलेली सवय शरीराने परस्पर वापरली असावी. मागे वळून बघितले तर अण्णा चौकटीबाहेर आलेले होते आणि त्यांच्या मागे, उंबऱ्यावर, आई पालथी पडली होती. झोपेत सुटलेल्या निऱ्या तिच्या दोन्ही पायांत गुंडाळल्या होत्या. ती उठायची, पुन्हा पडायची. वरून पांढरी धूळ चाळणीतून पडावी तशी पडत होती, आणि तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता.

तिला बाहेर ओढले ते समोरच्या खालांनी. खाला म्हणजे बांगडीवाल्यांच्या घरच्या, आईच्याच वयाच्या. आई त्यांना भाभी म्हणे आणि त्याही आईला भाभीच म्हणत. त्या त्यांच्या घरातून सुरवार-कुडत्यात धावत आल्या, अण्णांना ओलांडून आमच्या उंबऱ्यात शिरल्या आणि आईला काखेत धरून फरफटत गल्लीत घेऊन आल्या. अण्णा नुसते बघत राहिले होते. त्यांच्या धोतराचा सोगा त्यांच्याच मुठीत घट्ट होता.

उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या येऊ लागल्या. त्या मी इथे सांगणार नाही. आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, एक कठडा कोसळला, पण सगळे जिवंत होते. आणि जिवंत असल्यामुळेच बायकांना दुपारपर्यंत लाज आठवली. कोण नुसत्या परकरात बाहेर आली होती, कुणाच्या अंगावर दिराची चादर होती, कुणाचा पदर कुठे होता, हे गल्लीने न बोलता टिपून ठेवले होते. त्यानंतर आम्ही सगळे शाळेच्या मैदानावर, ताडपत्र्या बांधून राहू लागलो, आणि तिथे मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. बायका झोपायच्या वेळी नटू लागल्या. पुन्हा पळायची वेळ आली तर निदान नीट दिसावे म्हणून त्या साडी कचकचून नेसत, निऱ्या परकराला पिनांनी टाचत, पदर खांद्याला टाचून कमरेभोवती आवळून घेत, परकराच्या नाडीला दुहेरी गाठ मारत. माझ्या आईने निऱ्या खालपर्यंत चक्क टाके घालून शिवून टाकल्या. सुटायची भीती नको म्हणून. आता तिला वीतभराच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हते.

आणि एवढे झाल्यावर ती पदराचे टोक माझ्या मनगटाला बांधायची.

"गर्दीत हरवशील गं," ती म्हणायची.

"आई, नको ना."

"गप पड. हात दे हिकडं."

ती गाठ मला आयुष्यात सर्वांत जास्त भिववणारी गोष्ट ठरली. अंधाराला मी भीत नव्हते, हलणाऱ्या जमिनीचीही हळूहळू सवय होत होती. पण मनगटावर सुती कापडाचा तो ओलसर वेढा, आणि पलीकडच्या टोकाला शिवून बंद केलेली आई. मला ठाऊक होते की माझे शरीर मला न विचारता उठणार. तिचे उठणार नाही. एका संध्याकाळी तिने गाठ लवकरच मारली होती, आणि दिवेलागणीच्या सुमारास तसेच झाले. भाकरी भाजता भाजता तव्यावरचे तिचे बोट थांबले, पातेल्यातले पाणी थरथरले, आणि मी उठले. गाठ आवळली. मागे काहीतरी जड कोसळल्याचा आवाज झाला. आई चुलीच्या कडेला पडली होती, तिचे कोपर सोलवटले होते, खांद्यावरची पिन मांसात शिरली होती. आगीपासून ती हातभर अंतरावर होती.

धक्का लहानच होता. पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसू लागली, जेवताना, शाळेत, खेळताना. पुढच्या वेळी आई बाहेर येणार नाही.

खेळाच्या बाई त्याच मैदानाच्या कडेला राहत होत्या. त्यांनी आईला पडताना पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या ताडपत्रीपाशी येऊन उकिडव्या बसल्या.

"वहिनी, उठून त्या खांबापर्यंत पळून दाखवा मला."

"अगं बाई! मी?" आई तोंडाला पदर लावून हसली. "मी काय आता शाळंत जाऊन राहिले व्हय?"

"पळा तर खरं."

आई उठली. एका हाताने निऱ्या उचलल्या, दुसऱ्या हाताने पदर धरला, आणि तुरुतुरु चालली. कडेच्या बायका खोखो हसत सुटल्या. बाई हसल्या नाहीत.

"एक हात निऱ्यांना, एक हात पदराला," त्या म्हणाल्या. "आणि पोरीला धरायला तिसरा हात कुठून आणणार?"

हसणे थांबले. त्यानंतर बाईंनी रोज दिवस कलताना बायकांना खो-खोच्या पाटीवर बसवायला सुरुवात केली. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. मागून थाप बसली, "खो" कानावर आला, की उठायचे आणि तोंड असेल त्या दिशेने धावायचे. मागे वळायचे नाही, हा खेळाचाच नियम.

"आन् घरात काही राहिलं तर?" एकीने विचारले.

"खो मिळाल्यावर राहिलेलं राहू द्यायचं."

खाला सगळ्यांत चपळ निघाल्या. सुरवारीचे पायचे सावरत त्या खांबाला हात लावून येत आणि आईला चिडवत, "बघा भाभी, हमारे में तो बुढी भी पळती. तुमची साडी म्हंजे कुलूप हाय नुसतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची एक हिरवी सुरवार घडी करून आणली.

"मी न्हाई घालायची," आई म्हणाली. "ह्या वयात पायजमा? लाजंनं मरंन मी."

"लाजेनं कुनी मरत न्हाई भाभी. भिंतीनं मरतात."

आईने सुरवार परत केली. परत करताना मात्र तिने ती उलटी करून आसनाची शिवण बोटांनी चाचपली, आणि पायच्याची पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. तिचे बोटांनी बघणे मला माहीत होते. ते बघून मला, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, थोडा श्वास घ्यावासा वाटला.

काही आठवड्यांनी लोक दिवसा घरी जाऊ लागले. आई स्वयंपाक घरात करायची आणि यंत्रावर बसायची. आमचा जिल्ह्याचा सामना रद्द झाला होता, निळे कापड बरेच उरले होते. अण्णांना ती एकदा जेवताना म्हणाली, "त्या कापडाचं काय करावं म्हन्ते."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ज्याचं हाय त्याला दे."

"बाई म्हन्ल्या, तुमच्यासाठीच वापरा."

अण्णांचे न बोलणे म्हणजे होकार की नकार हे आम्हाला कधीच कळले नाही. पंगतीत बसलेल्या माणसासारखे ते ताटाकडे बघत राहिले.

आणि मग ती दुपार. शाळा झाडाखाली भरत होती, सराव पुन्हा सुरू झाला होता. मी पाटीवर बसले होते, टाच उचललेली, बोटे मातीत. ऊन पाठीवर होते आणि तोंडात कोरड्या गवताची चव. अचानक कावळे एकदम उठले. त्यांचा आवाज नव्हता, फक्त पंखांचा. मग माती माझ्या बोटांच्या टोकांखाली सरकली, एखाद्या जनावराच्या कातडीवर माशी बसल्यावर ती थरथरते तशी. कुणी खो दिला नव्हता. तरी मी उठले आणि घराच्या दिशेने धावत सुटले. मागून बाईंची हाक आली, ती मला ऐकू आली आणि अर्थ लागला नाही.

घर दूर नव्हते. दुकानांच्या फळ्या उघड्या होत्या, माणसे रस्त्याच्या मधोमध उभी होती, आडत दुकानाकडूनही लोक धावत आमच्या गल्लीत येत होते. गल्लीत सगळे होते. खाला होत्या, त्यांची मुले होती, अण्णाही धापा टाकत पोचले होते. मी एकेक तोंड बघत गेले. आई नव्हती.

खाला आमच्या दारावर मुठी मारत होत्या. दार आतून बंद होते.

"भाभी! अगे भाभी, कडी काढा!"

मग अगदी दाराच्या फळीपाशी, आईचा बारीक आवाज. "काढते... थांबा."

"थांबा काय! काय करून राहिलात आत? पडली का? पाय अडकला का?"

"न्हाई."

"मग?"

आतून फळीला कपाळ टेकल्यासारखा मऊ आवाज आला. भिंत पडली असती, पाय अडकला असता, तर ते मला समजले असते. ती दाराशी उभी आहे, धड आहे, आणि बाहेर येत नाही, हे मला समजत नव्हते, आणि न समजलेल्या गोष्टीची भीती सगळ्यांत थंड असते.

मी मागच्या बोळातून गेले. परसातली न्हाणीची भिंत बुटकी होती, तिच्यावर चढले, आत उडी मारली. स्वयंपाकघरात फळीवरचे डबे खाली आले होते, हळद आणि तिखट जमिनीवर पसरले होते, नाकात झणझणत होते. चुन्याची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती. यंत्राच्या सुईत निळा दोरा अजून ओवलेला होता. यंत्राच्या खुर्चीवर आईची साडी पडली होती, आणि समोर, दाराशी, माझ्याकडे पाठ करून, आई.

तिने आमच्या खो-खोच्या निळ्या कापडाचा पायजमा घातला होता. वर अण्णांचा जुना सदरा. तो पायजमा ती पहिल्यांदाच अंगावर घालून बघत होती, दार लावून, आणि तेवढ्यात जमीन हलली होती. तिचा उजवा हात कडीवर होता. पाय मोकळे होते, अंतर चार पावलांचेही नव्हते, आणि तिला पळता येईल असे कपडे तिच्या अंगावर होते. त्याच कपड्यांमुळे ती दार उघडत नव्हती.

"आई!"

तिने मान वळवली नाही. "साडी दे गं," ती म्हणाली. "भाईर दुकानाची मानसं हायत. तुझे अण्णा हायत. पट्कन दे, वरनं गुंडाळते."

साडी माझ्या हाताजवळ होती. मी तिला हातही लावला नाही. छताच्या लाकडातून एक कुरकुर आली, लांबलेली, दात खावेत तशी, आणि माझ्या मानेवर बारीक माती पडली. तिला काय सांगणार होते मी, की लाज सोड? माझ्याजवळ फक्त तो एक शब्द होता, जो घसा कोरडा असतानाही निघतो, कारण तो विचार करून म्हणायचाच नसतो.

मी धावले, तिच्या मागे आले, तिच्या पाठीवर सबंध तळवा दाबला. सदऱ्याखालून तिचे काळीज माझ्या हातात उडत होते.

"खो!"

कडी निघाली. दार उघडले, ऊन भसकन आत आले, आणि आई धावली. मी तिला त्याआधी कधी धावताना पाहिले नव्हते. माहेरच्या शेतात ती अशीच धावत असेल, कोपरे अंगाशी, मान पुढे, टाचा मागे उडणाऱ्या. माणसे बाजूला झाली. ती खालांना ओलांडून गेली, अण्णांना ओलांडून गेली, कुठे थांबायचे हे कुणी सांगितले नव्हते म्हणून थेट गल्लीच्या टोकाच्या हापशापर्यंत गेली आणि खो-खोचा खांब असावा तशी त्याच्या दांड्याला धरून थांबली. मागे वळली नाही. मी तिच्या पाठोपाठ पोचले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

पानाच्या टपरीवरून कुणीतरी म्हणाले, "वहिनी, पोलीस भरती हाय का काय?"

दोघेतिघे हसले. खालांनी तिकडे वळून एवढेच म्हटले, "हाव, हाय. तुझी आई पन येनार हाय, तिला बी पाठव." हसणे बंद पडले.

अण्णा सावकाश चालत आले. त्यांच्या खांद्यावर उपरणे होते. त्यांचा हात उपरण्याकडे गेलेला मी पाहिला. आता ते हिच्यावर टाकणार, हिला झाकणार, आणि मग हा निळा कपडा पुन्हा कधी ट्रंकेतून निघणार नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. उपरण्याने त्यांनी स्वतःच्या तोंडावरचा घाम पुसला. मग आईच्या पायांकडे बघितले.

"उसवलं न्हाई ना कुठं?" त्यांनी विचारले.

आईने डोळे उघडले. आधी एका पायाची शिवण चाचपली, मग दुसऱ्या. "न्हाई," ती म्हणाली.

आमचे घर त्या दिवशी पडले नाही. पुढेही नाही. पण त्या दिवसापासून आई घरात साडी नेसली तर आत तो निळा पायजमा असायचाच, आणि पदराची गाठ माझ्या मनगटाला पुन्हा कधी बांधली गेली नाही. गल्लीतल्या बायका हळूहळू कापड घेऊन यंत्रापाशी येऊ लागल्या. "झोपायपुरता" म्हणून शिवून न्यायच्या, मग "पानी भरायपुरता", मग काही म्हणायच्याच नाहीत. पुढे पंजाबी ड्रेस लग्न झालेल्या बायकांच्या अंगावर दिसू लागला तेव्हा लोक म्हणाले, शिनेमाचा परिणाम. असेलही. आमच्या गल्लीत मात्र तो मैदानावरून आला होता.

मग लातूर बदलले. ताडपत्र्या गेल्या, आणि त्याच मोकळ्या जागांवर क्लासेस आले, फलक आले, परगावच्या मुलामुलींनी भरलेल्या खोल्या आल्या. पहाटे अभ्यासाला उठणाऱ्या, दिवसभर बाकावर बसणाऱ्या, संध्याकाळी भरतीसाठी धावणाऱ्या मुली. त्यांना एकच कपडा पुरायला हवा होता, आणि तो ट्रॅक पँटीने पुरवला. मी लग्न होऊन नांदेडला आले तर इथेही तेच. त्या मुलींना भूकंप ठाऊक नाही. त्या दुसऱ्याच भीतीने पळतात, परीक्षेच्या, निकालाच्या. कपडा तोच आहे.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे आली. आता तिचे गुडघे गेले आहेत. ती सलवार-कमीज घालते, पायांत कापडी बूट, घरातसुद्धा. झोपताना बूट पलंगाखाली, टाचा भिंतीकडे, तोंडे दाराकडे. मी तिला त्यावरून कधी काही म्हटले नाही, कारण माझे बूटही तसेच असतात.

मध्यंतरी एका सकाळी इथेही जमीन हलली. चहाच्या कपातला चहा गोल फिरला, खिडकीची काच वाजली, आणि तोच आवाज दातांना ऐकू आला. समोरच्या वसतिगृहाच्या जिन्यावरून मुली भराभर खाली उतरू लागल्या. शेकडो चपलांचा पाऊस पडावा तसा तो आवाज. त्यांच्या कपड्यांकडे कुणीच बघत नव्हते. मी आईच्या खोलीकडे धावले. ती तिथे नव्हती.

ती दाराशी होती. बूट घालून, तयार, उजवा हात कडीवर. कडी निघालेली होती, दार अर्धे उघडे होते, जिना समोर दिसत होता. पण ती हलत नव्हती.

"आई, चल."

"येते," ती म्हणाली, तोंड जिन्याकडेच ठेवून. "न्हाई उचलत गं पाय. तू मागनं ये."

मी मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. कमिजाखाली हाडे लागत होती, आणि त्यांच्या आत तेच काळीज, तितकेच वेगाने.

"म्हन की," आई म्हणाली.

मी म्हटले. ती पहिली पायरी उतरली.